मारायला समोर माणूस हवा!

दिवाळीला जपानहून येणारी मंडळी साधारण काय आणतात? माचाची पाकिटं, हिरव्या रंगाचं किटकॅट आणि तिकडच्या ट्रेन कशा सेकंदाच्या काट्यावर धावतात याच्या गोष्टी. आमचा कॉलेजातला मित्र मात्र या वेळी आला तो चार फुटी लांबुळकी बॅग खांद्याला लटकवून. सोबत एक भलीमोठी डफल बॅग. ती गाडीत टाकताना मी विचारलं, ‘दगड भरलेस का रे यात?’ तर स्वारी थंडपणे म्हणाली, ‘चिलखत आहे.’

हा पठ्ठ्या पुण्यात इंजिनीअर झाला आणि गेली काही वर्षं टोकियोच्या निशी-कसाईत राहतो. निशी-कसाई म्हणजे आपल्या आयटीवाल्यांचं तिकडचं हिंजवडीच म्हणा ना. हा भाग एदोगावा वॉर्डात येतो आणि याच वॉर्डात 2019 मध्ये अंबरनाथला जन्मलेले योगेंद्र पुराणिक चक्क नगरसेवक म्हणून निवडून आले होते. तर तिथल्या क्रीडासंकुलात आमचा मित्र आठवड्यातून दोनदा केंडो खेळायला जातो. केन म्हणजे तलवार, दो म्हणजे मार्ग. बांबूच्या तलवारीने खेळायचा हा जपानी खेळ. कॉलेजात हा प्राणी पीटीच्या तासाला कँटीनमध्ये सापडायचा, त्यामुळे मी आधी मनसोक्त हसून घेतलं.

त्याला पंढरपूरला जायचं होतं. मी म्हटलं, मग मुक्काम आमच्या करकंबला कर.

‘करकंब? हे काय असतं?’

हा प्रश्न मला नवीन नाही. ऑफिसात गावाचं नाव सांगितलं की निम्म्या लोकांना तो साउथचा सिनेमा वाटतो. तर मंडळी, करकंब हे पंढरपूर तालुक्यातलं मोठं गाव. पुण्याहून सोलापूर हायवेने टेंभुर्णीला यायचं आणि पंढरपूरकडे वळायचं, की वाटेत लागतं. दिवाळीच्या सुमाराला उसाच्या ट्रॉल्यांमागून गाडी हाकण्याचा पेशन्स मात्र हवा.

घरी पोचल्यावर काकूने पहिला प्रश्न डोळ्यांनी विचारला, दुसरा तोंडाने. ‘कोण म्हणायचं हे पाव्हणं?’ मी म्हटलं, मित्र. ‘नुसताच?’ मी म्हटलं, नुसताच. काकूचा चेहरा पडला. आप्पांना, म्हणजे माझ्या चुलत्यांना, यात काडीचा रस नव्हता. त्यांचं लक्ष त्या लांब बॅगेवर.

‘आत काय हाय?’

कळकाची तलवार

आप्पा 72 वर्षांचे आहेत. दर उन्हाळ्याच्या सुट्टीत गावातल्या पोरापोरींना लाठी शिकवतात. फी नाही, युनिफॉर्म नाही. वेळेवर यायचं आणि चप्पल बाहेर काढायची, एवढेच नियम. त्यामुळे बॅगेतून जे निघालं ते त्यांनी आधी हातात घेऊन तोललं आणि मग त्यावरून हलकेच अंगठा फिरवला.

‘कळकाची तलवार व्हय? आन् ह्या चार कामट्या.’

बरोब्बर! जपानी भाषेत हिला शिनाई म्हणतात. बांबूच्या चार कामट्या एकत्र बांधायच्या, टोकाला चामड्याची टोपी, मुठीला चामड्याचं वेष्टण आणि एका बाजूने टोकापासून मुठीपर्यंत ताणलेली दोरी. दोरीची बाजू म्हणजे तलवारीची बोथट पाठ. मारायचं ते उलट्या बाजूने. मोठ्या माणसांची शिनाई जास्तीत जास्त 120 सेंटिमीटर लांब आणि पुरुषांसाठी कमीत कमी 510 ग्रॅम वजनाची असते. आप्पांनी अंगठा फिरवला तसा प्रत्येक खेळाडू सरावाआधी फिरवतो. कामटीला बारीकशी चीर गेली असेल, तर तिचा तुकडा समोरच्याच्या जाळीतून डोळ्यात जाऊ शकतो.

मग चिलखत निघालं. डोक्याला लोखंडी जाळीचा मुखवटा, तो मेन. हातात जाडजूड मोजे, ते कोते. छातीपोटाला कडक कवच, ते दो. कमरेखाली जाड कापडी पट्ट्या, ते तारे. सगळ्याला मिळून नाव बोगू. मारायच्या जागा मोजून चार. डोकं, मनगट, धडाची बाजू आणि गळ्यावर टोकाचा घाव. बाकी कुठेही लागलं तर पॉइंट नाही.

आप्पांनी सगळं नीट बघितलं आणि मुद्द्याचं विचारलं.

‘पाव्हणं, ह्यानं लागतं का?’

‘लागतं की आप्पा. म्हणून तर एवढं घालायचं.’

‘म्हंजे खरंखुरं मारता?’

‘पूर्ण ताकदीनं नाही, पण खरंखुरं.’

आप्पा काहीच बोलले नाहीत. त्या शांततेचा अर्थ मला दुसऱ्या दिवशी कळला.

लाइक्स खूप, मार शून्य

आप्पांची नात नववीत आहे. मला आत्या म्हणते आणि माझ्या फोनमधले फोटो माझ्या परवानगीशिवाय डिलीट करते. शिवजयंतीच्या मिरवणुकीत ती लाठी फिरवते, आणि काय फिरवते! दोन्ही हातांनी, डोक्यावरून, पाठीमागून, पायाखालून. काठी दिसतच नाही, नुसतं चक्र दिसतं. तिच्या रीलला माझ्या सगळ्या लेखांना मिळून पडले नसतील एवढे लाइक्स आहेत. (हो, जळते मी.)

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात तिने पाहुण्यांसाठी सगळा आयटम करून दाखवला. मित्राने मनापासून टाळ्या वाजवल्या. मग तो आत गेला आणि पूर्ण चिलखत चढवून बाहेर आला. शेजारची दोन पोरं रडायला लागली, कुत्रं भुंकायला लागलं. त्याने शिनाई पोरीच्या हातात दिली आणि मुखवट्यातून आवाज आला, ‘आता मला मार.’

पोरगी हसली. ‘खरंच?’

‘खरंच. इथे, डोक्यावर.’

केंडोत याची रीतच आहे. अनुभवी खेळाडू समोर उभा राहतो, मुद्दाम जागा मोकळी करून देतो आणि शिकणाऱ्याचा मार अंगावर घेतो. त्याला मोतोदाची म्हणतात. शिकवण्याची ही पद्धत मला भलतीच आवडली. गुरू लेक्चर देत नाही, डोकं पुढे करतो.

पोरीने सवयीने आधी शिनाई गरागरा फिरवली. तिचं चक्र अर्धं झालं होतं तेवढ्यात मित्राने एक पाऊल पुढे टाकलं आणि रिकामा मोजा अलगद तिच्या कपाळासमोर, वीतभर अंतरावर आणून थांबवला.

‘फिरवताना तुझं लक्ष काठीकडे असतं, माझ्याकडे नसतं.’

दुसऱ्यांदा तिने सरळ वार केला. पण मुखवट्यापाशी आल्यावर हात आपोआप थांबला. तिसऱ्यांदा तेच. डोळे मिटलेले. घराघरात पोरांवर ‘कुणाला मारायचं नाही’ हे इतकं बिंबवलेलं असतं, की समोरचा स्वतः ‘मार’ म्हणतोय तरी हात उठत नाही. मी बाजूला बसून हसत होते, तर मित्राने मलाही उभं केलं. सांगू? माझाही हात थांबला. रोज ट्रॅफिकमध्ये मनातल्या मनात किती जणांना बदडते मी, आणि प्रत्यक्षात वीतभर अलीकडे गारठले.

चौथ्या वेळी पोरगी ‘मेन’ असं बेंबीच्या देठापासून ओरडली आणि फटाक! आवाज असा झाला की काकू स्वयंपाकघरातून बाहेर आली. पोरीने आनंदाने उडी मारली, शिनाई हवेत उंचावली आणि आजीकडे वळून बघितलं. तेवढ्यात मित्राने तिच्या पाठीवर मोजाने हलकेच टपली मारली.

‘पॉइंट गेला.’

‘का? लागलं की!’

इथेच केंडोची खरी गंमत आहे. नुसतं लागून भागत नाही. मन, तलवार आणि शरीर एकाच क्षणी पोचलं पाहिजे. म्हणजे जोशात ओरडणं, शिनाईच्या वरच्या भागाने योग्य जागी अचूक मारणं आणि पाय पुढे आपटणं, हे तिन्ही एकदम. तीन पंच लाल आणि पांढरे झेंडे घेऊन उभे असतात. त्यातले निदान दोन झेंडे वर गेले तर पॉइंट. मोठ्यांचा सामना 5 मिनिटांचा, आधी दोन पॉइंट घेईल तो जिंकला. आणि मारल्यानंतरही सावध राहायचं, समोरच्यावरची नजर हटवायची नाही. याला झानशिन म्हणतात. शब्दशः अर्थ, उरलेलं मन. पॉइंट मिळाल्यावर कुणी मूठ हवेत उडवून जल्लोष केला, तर पंच दिलेला पॉइंट काढून घेऊ शकतात. आपल्या क्रिकेटमध्ये हा नियम आणला तर काय होईल, याची कल्पना करून बघा!

माळ्यावरचा गदगा

इतका वेळ आप्पा पायरीवर गप्प बसले होते. ते उठले, आत गेले. माळ्यावर खुडबुड झाली. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात एक छडी होती. चामड्याने मढवलेली, मुठीपाशी काळी पडलेली. चामडं जागोजागी उकललेलं.

‘ह्यो गदगा. फरी उंदरांनी खाल्ली.’

फरी म्हणजे हातातली छोटी ढाल. फरी-गदगा हा आपल्याकडचा जुना द्वंद्वाचा खेळ. ढाल-तलवारीची लढाई शिकण्यासाठी खऱ्या पात्याऐवजी मढवलेली छडी घ्यायची आणि समोरासमोर उभं राहायचं. म्हणजे शिनाईचा सख्खा नसला तरी चुलत भाऊ नक्कीच. कुणाचं कुणी उचललं हा वाद इथे नको. जिथे जिथे तलवारी होत्या तिथे तिथे जीव न घेता सराव कसा करायचा, हा प्रश्न होता. उत्तरं सारखी निघणारच.

आप्पांनी गदगा धरला, उजवा पाय पुढे घेतला, डाव्या हातात नसलेली फरी वर धरली. 72 वर्षांचा माणूस एका क्षणात 25 चा झाला.

‘आमच्यात बी असंच हुतं बघ. मारलं की फरी वर घिऊन मागं सरायचं. मारून हसत हुबा ऱ्हायला, त्याला वस्ताद दोन फटकं जादा द्यायचा.’

मित्र मुखवट्यातून म्हणाला, ‘झानशिन!’

‘काय असंल ती.’

पोरगी आता पेटली होती. ‘आबा, किती मार झाल्यावर डाव संपायचा?’

आप्पांनी तोंड उघडलं आणि थांबले.

‘पाच... न्हाई, सात. खांद्याला लागल्यालं धरायचं का न्हाई... न्हाई बहुतेक. फरीला लागून मग अंगाला लागलं तर...’

बराच वेळ ते गदग्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, ‘इसरलो बघ.’

त्यांच्यासोबत खेळणारे दोघं होते, ते दोघंही गेले. लाठीचे हात आप्पांना तोंडपाठ आहेत, कारण ते दरवर्षी मिरवणुकीत दाखवतात. पण डाव कसा खेळायचा, कुठला मार धरायचा, कोण जिंकलं हे कसं ठरवायचं, हे पन्नासेक वर्षांत कुणी विचारलंच नाही. एकदा एका पोराच्या डोळ्याजवळ लागलं, घरच्यांनी दंगा केला आणि समोरासमोर खेळणं बंद झालं ते झालंच. फिरवणं तेवढं उरलं. फिरवण्यात कुणाला लागत नाही आणि बघायला छान दिसतं.

आदल्या दिवशी आप्पांनी विचारलेलं ‘खरंखुरं मारता?’ मला आत्ता कळलं.

1876 आणि 1878

परतीच्या वाटेवर मित्राने एक गोष्ट सांगितली, मी एक सांगितली. दोन्ही जुळवल्या तेव्हा गाडीत थोडा वेळ शांतता पसरली.

त्याची गोष्ट अशी. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला जपानात जिकिशिनकागे नावाच्या घराण्यातल्या नागानुमा शिरोझाएमोन या गुरूने बांबूची तलवार आणि सुधारलेलं चिलखत वापरून समोरासमोरचा सराव रुळवला. त्याआधी बराचसा भर ठरवून केलेल्या हातांवर असायचा. चिलखत आलं आणि न घाबरता मारता येऊ लागलं. पुढे 1876 मध्ये सरकारने सामुराईंना तलवार लावून फिरायला बंदी केली. त्याआधीच सामुराईंचे पगार आणि मानपान धोक्यात आले होते. 1873 मध्ये साकाकिबारा केनकिची या नावाजलेल्या तलवारबाजाने टोकियोत चक्क तिकीट लावून तलवारबाजीचे खेळ भरवले. सुमो कुस्तीसारखा आखाडा, आरोळ्या, गर्दी. बेकार सामुराईंच्या पोटाची सोय झाली. पण लवकरच नकला निघाल्या आणि कौशल्यापेक्षा तमाशा वाढला.

म्हणजे केंडोचीही मिरवणूक झाली होती! फरक पडला तो पुढे. 1879 मध्ये टोकियो पोलिसांनी तलवारबाजीचे शिक्षक नेमायला सुरुवात केली. 1895 मध्ये क्योतोत एक मोठी संस्था उभी राहिली, जिने वेगवेगळ्या घराण्यांना एका छपराखाली आणलं. 1911 मध्ये हा विषय शाळांत आला. वाईट दिवसही आले. युद्धाच्या काळात लष्करशाहीने केंडो पोरांची डोकी फिरवायला वापरला, म्हणून 1945 नंतर शाळांतून त्यावर बंदी आली. 1952 मध्ये नवी राष्ट्रीय फेडरेशन झाली आणि केंडो खेळ म्हणून परतला. 1970 मध्ये टोकियोत पहिली जागतिक स्पर्धा झाली. 2012 पासून जपानच्या माध्यमिक शाळांत पारंपरिक युद्धकला सक्तीची आहे आणि त्यातला एक पर्याय केंडो आहे.

आता माझी गोष्ट. जपानच्या बंदीनंतर दोनच वर्षांनी, 1878 मध्ये, इंग्रजांनी इथे शस्त्रांचा कायदा आणला. परवान्याशिवाय हत्यार बाळगणं गुन्हा झाला. तिकडे आपल्याच सरकारने तलवार काढून घेतली आणि काही वर्षांनी बांबूची परत दिली. इथे परक्या सरकारने काढून घेतली आणि परत काही दिलं नाही. जे टिकवलं ते लोकांनी स्वतःच्या हिमतीवर. पुण्यात लहुजी वस्ताद साळवे त्याच्या कितीतरी आधीपासून तालीम चालवत होते. जोतिराव फुले त्यांच्याकडेच दांडपट्टा शिकले. अमरावतीत 1914 मध्ये हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभं राहिलं आणि 1936 मध्ये तिथलं पथक थेट बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय व्यायामप्रकार दाखवून आलं. बडोद्याला द. चिं. मुजुमदारांनी व्यायामज्ञानकोशाचे 10 खंड काढले. कोल्हापूरच्या तालमींनी मर्दानी खेळ जिवंत ठेवले. 2020 मध्ये पुण्याच्या रस्त्यावर लाठी फिरवणाऱ्या पंचाऐंशीच्या शांताबाई पवारांचा व्हिडिओ तुम्हीही फॉरवर्ड केला असेल. 2024 मध्ये महाराष्ट्र सरकारने दांडपट्टा हे राज्यशस्त्र म्हणून जाहीर केलं.

मान मिळाला, टाळ्या मिळाल्या, लाइक्स मिळाले. पण बहुतेक ठिकाणी समोरचा माणूस मिळाला नाही.

‘आपल्या मातीत नियम रुजत नाहीत’ वगैरे रडगाणं मात्र कुणी गाऊ नका. खो-खोचे नियम 1914 मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने बसवले आणि जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला वर्ल्ड कप झाला. पुरुष आणि महिला, दोन्ही कप आपल्याकडे. त्याहून जवळचं उदाहरण पंजाबचं. तिथला गतका बघा. नाव ऐकूनच गदग्याशी नातं कळतं. तीच काठी, तीच फरी, नावसुद्धा फरीच. शीख परंपरेतला हा खेळ मिरवणुकीतही दिसतो, पण त्यांनी समोरासमोरच्या डावाला नियम केले, पॉइंट ठरवले. 2022 मध्ये पंचकुलाला झालेल्या खेलो इंडिया युवा स्पर्धांत आणि 2023 मध्ये गोव्याच्या राष्ट्रीय स्पर्धांत गतका खेळला गेला.

आणि बांबूला कमी समजू नका. टोकियो ऑलिंपिकमध्ये 2021 साली तलवारबाजी खेळणारी पहिली भारतीय, चेन्नईची भवानी देवी, शाळेत असताना सरावाला बांबूच्या काठ्या वापरायची. खऱ्या तलवारी महाग, त्या सामन्यापुरत्या राखून ठेवायच्या.

आपला काय संबंध?

म्हणाल, बाई, आम्ही सोमवार ते शुक्रवार एक्सेलच्या शीटमध्ये गाडलेले. आम्हाला फरी काय आणि गदगा काय.

संबंध आहे. आपण सगळेच हल्ली काठी फिरवण्यात एक्स्पर्ट झालोय. प्रेझेंटेशनच्या स्लाइड्स गरागरा फिरवतो. प्रोफाइलवर चार भारी शब्द टाकतो. पण समोर उभं राहून कुणी प्रश्न विचारला की हातभर अलीकडे थांबतो. मीटिंगमध्ये चूक दिसते, बोलत नाही. आपल्या कामावर कुणी बोट ठेवलं की दिवसभर मूड खराब. कारण मारायची सवय नाही आणि मार खायची त्याहून नाही. केंडोतलं मला सगळ्यात पटलं ते हेच. समोरचा तुमचा शत्रू नसतो. तो चिलखत घालून उभा राहतो म्हणून तुम्हाला तुमचा वार कळतो. सुरुवातीला त्याला वाकून नमस्कार, शेवटी परत नमस्कार.

आणि समोर माणूस असला की हरताही येतं. 2006 मध्ये तैपेईच्या जागतिक स्पर्धेत जपानचा पुरुष संघ सेमीफायनलला चक्क अमेरिकेकडून हरला आणि कप कोरियाने नेला. ज्यांनी खेळ जगाला दिला त्यांना जगाने हरवलं. मिरवणुकीत कुणी हरत नाही, म्हणून कुणी सुधारतही नाही.

निघताना मित्राने आप्पांना सांगितलं, की केंडोतली सगळ्यात वरची आठवी श्रेणी मिळवायची तर निदान 46 वर्षं वय लागतं, सातवीनंतर 10 वर्षं थांबावं लागतं, आणि परीक्षेला बसलेल्या शंभरात जेमतेम एखादा पास होतो. सत्तरीतले खेळाडू विशीतल्या पोरांना सहज बदडतात.

आप्पा म्हणाले, ‘म्हंजे मी अजून बारकाच की.’

पण गाडी सुरू केली तेव्हा पोरगी खिडकीपाशी आली. ‘आत्या, त्या कोशात गदग्याचे नियम असतील ना?’ मुजुमदारांच्या कोशाचं नाव मीच सकाळी भाव खायला टाकलं होतं. लाठी, फरी-गदगा, बोथाटी असं सगळं त्यात आहे, पुण्याच्या एखाद्या जुन्या लायब्ररीत मिळेल, असंही म्हणून गेले होते.

‘बघते,’ मी म्हटलं.

‘बघते नको. कधी?’

थेट मनगटावर. कोते!

त्याला आता तीन शनिवार झाले. पहिल्या शनिवारी डेडलाइन होती, दुसऱ्या शनिवारी लग्न, तिसऱ्या शनिवारी झोप. दर रविवारी तिचा मेसेज येतो, ‘सापडलं?’ काल सोबत एक फोटो होता. आप्पांनी फरीसाठी नवं चामडं आणलंय आणि काकूची जुनी सायकल-रिम कापून तिच्यावर ताणून बघतायत. गदग्याचं उकललेलं चामडं शिवून झालंय. ऐकलंय की केंडोवाला मित्र निशी-कसाईतून जुना मुखवटाही पाठवतोय.

म्हणजे हत्यार तयार, चिलखत वाटेवर, खेळायला दोघं तयार. थांबलंय ते फक्त माझ्यामुळे. या शनिवारी लायब्ररी उघडायच्या आधी मी दारात असेन. खोटं वाटत असेल तर रविवारी तिला विचारा.

ट्राय करायचंय? मग एवढं वाचा

• जवळच्या तालमीत किंवा मर्दानी खेळाच्या वर्गात जाताना पहिला प्रश्न हा विचारा, ‘इथे समोरासमोर खेळवतात का?’ उत्तर ‘नाही’ असलं तरी प्रवेश घ्या. लाठीने खांदे आणि मनगटं झकास मोकळी होतात. पण प्रश्न विचारत राहा.

• बाइकचं हेल्मेट आणि क्रिकेटचे पॅड घालून लाठीने एकमेकांना मारायचा प्रयोग अजिबात करू नका. शिनाई पोकळ असते आणि दबते, लाठी भरीव असते. चिलखत आणि शिकवणारा नसेल तर मारामारीही नको.

• केंडो शिकायला गेलात तर पहिले काही आठवडे चिलखत मिळणार नाही. पाय टाकणं, वार करणं आणि ओरडणं एवढंच. ओरडायला लाजू नका. ऑफिसातला सगळा राग इथे फुकटात निघतो.

• घरात कुणी आजोबा, काका, आत्या जुने खेळ खेळलेले असतील तर त्यांना हात दाखवायला सांगा आणि नियमही विचारा. मार कुठला धरायचा? डाव कधी संपायचा? फोनवर रेकॉर्ड करा. पुढच्या दिवाळीची वाट बघू नका.